साडेतीन वर्षांची लेक, बोलते भरपूर पण घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही

कुळीथपिठी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही गुहागर तालुक्यात असतो, नवरा मुंबईला, घरी मी, सासूबाई, सासरे आणि लेक. लेक साडेतीनची. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो पण काय बोलते ते मला आणि सासूबाईंनाच कळतं. काकाला ताता, गाईला दाय, कुत्र्याला तुत्ता. र तर नाहीच, आमरस म्हणजे आमलस. गणपतीला मुंबईची सगळी जमली तेव्हा तिला मुद्दाम बोलायला लावून हसत होते, कौतुकानेच, पण नंतर ती पाहुण्यांसमोर बोलेनाशीच झाली.
अंगणवाडीच्या ताई म्हणतात बोबडी आहे, होईल नीट. शेजारच्या काकी म्हणतात जिभेखालचा दोरा कापून घे. सासूबाई म्हणतात मधात वेखंड उगाळून जिभेला लाव, ह्यांनाही लहानपणी तेच लावलं होतं. जाऊबाई म्हणतात मेणबत्ती फुंकायला लाव आणि स्ट्रॉने पाणी दे. कुणाचं ऐकू? थांबायचं का दाखवायचं, आणि दाखवायचं तर कुठे, इथे स्पीच थेरपिस्ट म्हटलं की लोक विचारतात ते काय असतं. सर्दी सतत असते, पावसाळ्यात तर नाक वाहतंच, त्याचा काही संबंध असतो का?

सुरंगी
अगं काही काळजी करू नकोस. आमच्याकडे दिवेलागणीला मुलांना ओटीवर बसवून शुभंकरोति, मग पाढे, मग रामरक्षा. वाणी शुद्ध व्हायला रामरक्षेसारखं काही नाही, जोडाक्षरं कशी खणखणीत येतात. आमची तिन्ही मुलं स्पष्ट बोलतात.

मालवणी_खाजा
गो बाय, आमचो झील चार वर्सांचो झालो तरी र म्हणत नाय होतो, आता शाळेत भाषणां ठोकता. निवांत रव. पण सर्दीचा म्हणतंस तर एकदा कान तेवढे दाखव.

स्वरव्यंजन
मी वाचा-श्रवण तज्ज्ञ आहे, आधी मुंबईत काम केलं आता चिपळूणला असते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.
आधी मालवणी_खाजा यांनी शेवटी जे सहज लिहिलंय ना, तेच मी पहिल्यांदा लिहिणार होते. कान. बोलणं ही तोंडाची गोष्ट वाटते म्हणून सगळे जिभेच्या मागे लागतात, दोरा काय, वेखंड काय. पण मूल जे ऐकतं तेच बोलतं. सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं, त्याला ग्लू इअर म्हणतात. दुखत नाही, पू येत नाही, ताप नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. मुलाला ऐकू येतं पण कानात बोटं घालून ऐकल्यासारखं. आणि ते कधी येतं कधी जातं, सर्दी असली की कमी, बरी झाली की ठीक, म्हणून लोक म्हणतात "ऐकू येतं हो, चॉकलेटचा कागद वाजला की धावत येते". कागद वाजलेला कळणं वेगळं आणि बोलण्यातलं त, क, स, श असली हलकी व्यंजनं नीट ऐकू येणं वेगळं.
घरी काय लक्षात येतं तर टीव्ही मोठा लावते, पाठीमागून हाक मारली की दुसऱ्या तिसऱ्यांदा वळते, "आं?" फार करते, तोंड उघडं टाकून झोपते, घोरते. यातलं काही असेल तर थांबू नका. नसेल तरी एकदा तपासणी करा, कारण ती सोपी आहे. कान-नाक-घसावाले डॉक्टर कानात बघतील, टिम्पॅनोमेट्री म्हणून एक दोन मिनिटांची तपासणी असते, दुखत नाही, त्यात पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं. साडेतीनच्या मुलीचा खेळ खेळत खेळत ऑडिओग्रामही निघतो, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा.
आता उच्चारांचं. प ब म आधी येतात कारण ओठ दिसतात. मग त द न. क आणि ग जिभेच्या मागच्या भागाने होतात, ते दिसत नाहीत, म्हणून कितीतरी मुलं क च्या जागी त आणि ग च्या जागी द म्हणतात. तुमची ताता आणि दाय तीच गंमत आहे. साडेतीन ते चारच्या आत ती साधारण सुटते. श, र, ळ, ण पाच-सहा वर्षांपर्यंत रेंगाळले तरी चालतं, जोडाक्षरं त्याहून उशिरा. म्हणजे र साठी आत्ता डोक्याला ताप करून घेऊ नका, क आणि ग वर लक्ष ठेवा.
पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की "घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही". ढोबळ मानाने दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं परक्या माणसाला कळायला हवं, तीनचं तीन चतुर्थांश, चारचं जवळपास सगळं, मग एखादं अक्षर चुकेना का. साडेतीनला बाहेरच्यांना फारसं कळतच नसेल तर "होईल नीट" म्हणून सोडायचं नाही. घाबरायचंही नाही. दाखवायचं.

दर्यावर्दी
अलिबागकडचा आहे. वरच्या ताईंनी छान लिहिलंय पण एक मुद्दा राहतोय. आमच्या भावाच्या मुलाला शाळेतून "उच्चार दोष आहे" म्हणून चिठ्ठी आली. का तर तो पानी म्हणतो, डोला म्हणतो, गारी म्हणतो. अहो आम्ही आगरी, घरात आजीपासून सगळे पानी, डोला आणि गारीच म्हणतो! त्याला दोष म्हणायचं तर आख्ख्या गावाला थेरपी लावावी लागेल. बाईंना (नाव घेत नाही) सांगितलं तर म्हणाल्या "घरी प्रमाण भाषा बोला". आता आजी पंचाहत्तरीला प्रमाण भाषा शिकणार का? पोरगं तेव्हापासून शाळेत तोंड उघडत नाही.

स्वरव्यंजन
दर्यावर्दी, तुमचं अगदी बरोबर आहे आणि हे थेरपिस्ट लोकांनासुद्धा शिकवावं लागतं. घरात ज्या बोलीत बोललं जातं त्या बोलीप्रमाणे मूल बोलत असेल तर तो दोष नाहीच. आगरी मुलाने डोला म्हणणं, मालवणी मुलाने माका तुका म्हणणं, चित्पावनी घरात नाकातून येणारे स्वर, हे सगळं त्या त्या बोलीत शुद्धच आहे. दोष कधी म्हणायचं तर घरातल्या कुणीच तसं बोलत नसताना मूल तसं बोलतं आणि वयाच्या मानाने ते आता सुटायला हवं होतं तेव्हा. माझ्याकडे मूल आलं की मी आधी आजीला बोलायला लावते, मग मुलाकडे बघते.
शाळेची मराठी तो शाळेत शिकेल, दोन बोल्या, दोन भाषा मुलांना जड होत नाहीत. उलट घरची बोली तोडून आईबापांनी अडखळत पुस्तकी बोलायला लागलं की मुलाशी बोलणंच कमी होतं आणि नुकसान तिथे होतं.

मालवणी_खाजा
ह्या लाख बोललात!

पडवीतला_झोपाळा
माफ करा पण थोडं विरुद्ध बोलतो. आमच्या पिढीत कोण थेरपिस्ट होते? आठ आठ भावंडं, कुणी लक्ष द्यायला नव्हतं, सगळे बोलायला लागलो. हल्ली मूल शिंकलं तरी तज्ज्ञ. आईबापांना घाबरवायचा धंदा झालाय. (स्वरव्यंजन, तुमच्याबद्दल नाही म्हणत.)

खाडीपलीकडची
झोपाळेकाका, सगळे नाही बोलायला लागले. आमच्या वाडीत एक आजोबा होते, "मुका" म्हणूनच हाक मारायचे त्यांना. जन्मापासून ऐकू येत नव्हतं एवढंच, बाकी माणूस हुशार, जाळी विणण्यात हात धरणारा कुणी नाही. त्यांच्या कानाची तपासणी कधी झालीच नाही. तुमच्या आठ भावंडांत तसं कुणी नव्हतं हे तुमचं नशीब.

पडवीतला_झोपाळा
मान्य. आमच्या गावातही एक होते तसे.

स्वरव्यंजन
काका, राग नाही. बरीच मुलं आपोआप सुटतात हे खरंच आहे, प्रश्न असतो कुठलं सुटणार आणि कुठलं नाही ते ओळखायचा. म्हणून तर हल्ली नवजात बाळाची कानाची तपासणी करून घ्या म्हणतात. जगभर जो नेम धरतात तो असा की पहिल्या महिन्यात तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. बाळ झोपलेलं असताना होते तपासणी. आपल्याकडे बाळंतपणाच्या गडबडीत राहून जाते, तेव्हा ज्यांच्या घरी बाळ येऊ घातलंय त्यांनी डॉक्टरांना आपणहून विचारा.
आता कुळीथपिठींच्या यादीतलं एकेक.
मध-वेखंड: नको. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवायचाच नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. वेखंडात असारोन म्हणून द्रव्य असतं, त्याच्या भीतीने अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायलाच बंदी केली. बाळांना वेखंड दिल्यावर उलट्या सुरू झाल्याची प्रकरणं डॉक्टर बघतात. आणि जिभेला तिखट लागल्याने क कसा येणार? सासूबाईंना दुखवू नका, म्हणावं बाळंतविड्याच्या बटव्यात राहू दे, जिभेवर नको.
जिभेचा दोरा: जीभ खालच्या ओठापर्यंत बाहेर येते का, वर टाळूला लागते का, आईस्क्रीम चाटता येतं का बघा. येत असेल तर दोऱ्याचा बोलण्याशी संबंध बहुतेक नाही. आखूड दोऱ्याने लहान बाळाला अंगावर प्यायला त्रास होऊ शकतो हे खरं, पण बोलायला उशीर दोऱ्यामुळे होत नाही. आणि क ग तर जिभेच्या मागच्या भागाने होतात, दोरा पुढे असतो! कापून ते येतील कसे? थेरपिस्टने बघितल्याशिवाय कुणालाही कापू देऊ नका.
मेणबत्ती, फुगे, शिट्ट्या, स्ट्रॉ: खेळ म्हणून मजा आहे, खेळा. पण फुंकर मारण्याने उच्चार सुधारतात याला नीटसा आधार नाही. बोलणं बोलून सुधारतं. काही ठिकाणी महिनोन्‌महिने नुसत्या जिभेच्या कसरती करून घेतात आणि फी घेतात, तसं दिसलं की उठून या.
रामरक्षा: सुरंगीताई, मला स्वतःला पाठ आहे आणि आवडते. पाच-सहा वर्षांच्या, उच्चार येत असलेल्या मुलाला पाठांतराने श्वास, लय, जोडाक्षरं सगळं छान बसतं. पण ज्या मुलीला क म्हणता येत नाही तिने रामरक्षेत पण त च म्हटला, तर रोज त चाच सराव झाला ना? "कच्चा पापड पक्का पापड", "काळे राळे गोरे राळे" यांचंही तेच. अक्षर हाताशी आल्यावर त्यांची मजा.
आणि जाता जाता, कानात खोबरेल तेल सोडू नका. कोकणात अजून घरोघर चालतं.

सुरंगी
हं, असा विचार नव्हता केला. पण संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायची सवय तरी राहू दे की.

स्वरव्यंजन
अहो ती तर हवीच! फोन बाजूला, टीव्ही बंद, घरातली माणसं आणि मूल समोरासमोर, हे हल्ली फक्त दिवेलागणीलाच होतं काही घरांत.

कुळीथपिठी
किती छान सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी. काल सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला, ते म्हणाले अगं खरंच, मी पडवीतून हाक मारतो तेव्हा ती येतच नाही, मला वाटायचं हट्ट करते. टीव्हीपण मोठाच लागतो. रत्नागिरीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोपर्यंत घरी काय करू? मी सारखं "काका म्हण, क क काका" असं करून घेते, ती चिडते आणि अजूनच जोरात ताता म्हणते.

स्वरव्यंजन
"म्हण बरं" बंद करा आधी. पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही. तिची नक्कल करून तिच्याशी बोबडं बोलायचं नाही, मुंबईच्या मंडळींनाही फोनवर आधीच सांगून ठेवा.
ती म्हणाली "ताता आला", तुम्ही म्हणायचं "हो गं, काका आला! काकाने काय आणलं? काकाच्या पिशवीत काय आहे?" चूक दाखवली नाही, पण बरोबर उच्चार तिच्या कानावर तीनदा पडला. दिवसभर हेच करायचं. आणि विचारलं की थांबायचं, मनात पाच आकडे मोजा, आपण मोठी माणसं फार घाईने मुलांच्या वतीने उत्तर देऊन टाकतो.
बोलायला विषय शोधायला नको, कोकणातल्या घरात तर अजिबात नको. मासे साफ करताना तिला शेजारी बसवा, हा बांगडा, ही कोलंबी, कोलंबीचं डोकं काढलं, कवच काढलं, कुर्लीची नांगी बघ. बघा किती क आले. अंगणात गार पाणी, गवत, गाय, गोठा, तिथे ग. फक्त तिच्या उंचीला बसा, तोंड तिला दिसू दे, पंखा आणि मिक्सर चालू असताना लांबून बोलू नका.
क चा थोडा खेळ करायचा असेल तर उताणं झोपवून करा, झोपल्यावर जीभ आपोआप मागे जाते. गुळण्या करायला शिकवा, खळखळ आवाज घशाजवळून येतो ते तिला कळू दे. मग कावळा काय म्हणतो? काव काव. बेडूक? डराव नको, त्यात र आहे. आणि जोड्यांची चित्रं काढा, कार-तार, काप-ताप, गार-दार. तिने "तार दे" म्हटलं की खरंच तारेचं चित्र द्यायचं, तिला हवी होती कार, ती गोंधळते, हसते आणि स्वतःच जीभ मागे न्यायचा प्रयत्न करते. आधी मात्र नुसतं ऐकून ओळखायचा खेळ, तुम्ही म्हणा, तिने चित्र दाखवायचं. ऐकून फरकच कळत नसेल तर बोलायला लावू नका, आणि ते डॉक्टरांना जरूर सांगा. हे सगळं रोज पाच-दहा मिनिटं, कंटाळली की बंद.

खाडीपलीकडची
मोबाइलवर बोलायचं राहिलं का? आमच्या शेजारचा अडीच वर्षांचा मुलगा मोबाइल बघून कार्टूनमधलं हिंदी बोलतो, आईला "पानी दो" सुद्धा म्हणत नाही, फक्त डायलॉग मारतो. आई म्हणते हुशार आहे, हिंदी येतं.

स्वरव्यंजन
डायलॉग मारणं आणि पाणी मागणं यात फार फरक आहे. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय, दोनच्या आत स्क्रीन नको, दोन ते पाच दिवसाला तासाभराच्या आत आणि तीही मोठ्यांच्या सोबतीने. मोबाइल मुलाचं ऐकत नाही हो, उत्तराची वाट बघत नाही. आजीशी व्हिडिओ कॉल वेगळा, तिथे समोर माणूस आहे.
त्या मुलाला मात्र लवकर दाखवा म्हणावं. दोनच्या पुढे स्वतःच्या मनाने दोन शब्द जोडत नाही ("दूध दे", "बाबा गेला"), हवी ती वस्तू बोट करून दाखवत नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर वाट बघायची नाही. शब्द गेले हे तर कुठल्याही वयात.

दर्यावर्दी
खर्चाचं काय? सगळ्यांना खाजगी परवडत नाही.

स्वरव्यंजन
सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरहून. शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यात ऐकणं आणि बोलायला उशीर हे तपासायचंच असतं. पथक येतं तेव्हा मूल नेमकं मामाच्या गावी असतं हा भाग वेगळा. अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा. तिथून पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.
मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, कान आणि वाचा दोन्हीसाठी. तुमचे यजमान मुंबईतच आहेत तर गरज लागल्यास सोयीचं पडेल. सिंधुदुर्गातली बरीच मंडळी गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तेही चालेल. खाजगीत कुठेही गेलात तर थेरपिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका.

कुळीथपिठी
जाऊन आलो. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी आहे म्हणाले. औषध फार नाही दिलं, नाकाची काळजी घ्या आणि तीन महिन्यांनी परत तपासू म्हणाले, तेव्हाही असेल तर पुढचं बघू, बारीक नळी वगैरे. एवढं थांबणं बरोबर आहे का?

स्वरव्यंजन
बरोबर आहे. बहुतेक मुलांचं पाणी तेवढ्यात आपोआप उतरतं म्हणून थांबतात. नाही उतरलं तर पडद्यात बारीक नळी बसवतात, ती पुढे आपोआप गळून पडते. पण थांबायचं म्हणजे बोलणं थांबवायचं नाही, थेरपिस्टला आत्ताच दाखवून घ्या आणि या महिन्यांत तिच्याशी जवळून, समोरून बोला. अंगणवाडीत पुढे बसवायला सांगा. आणि आजोबांना सांगा, पडवीतून हाक नको, आत येऊन बोलवा.

पडवीतला_झोपाळा
पडवीतल्या माणसांवरच सगळ्यांचा डोळा. असो. माझा नातू चार वर्षांचा आहे, आधी नीट बोलायचा, आता म म म मला असं अडखळतो. आम्ही म्हणतो हळू बोल, श्वास घे, मग बोल. चुकतंय का काही?

स्वरव्यंजन
दोन ते पाच या वयात डोक्यात वाक्यं मोठी होतात आणि तोंड मागे पडतं, तेव्हा अडखळणं खूप मुलांत येतं आणि बऱ्याच जणांचं जातं. "हळू बोल, श्वास घे" नका म्हणू, त्याने मुलाचं लक्ष अडखळण्यावर जातं. तुम्हीच सावकाश बोला, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, कसं बोलतोय यापेक्षा काय सांगतोय तिकडे बघा. सहा महिन्यांहून जास्त राहिलं, घरात आणखी कुणाला तोतरेपणा असेल, किंवा बोलताना डोळे मिटतो, मान झटकतो, शब्द अडकून चेहरा लाल होतो, बोलायचंच टाळतो, तर वाट न बघता दाखवा.

पडवीतला_झोपाळा
डोळे मिटतो कधी कधी. सुनेला सांगतो. तुम्ही चिपळूणला कुठल्या वारी असता?

स्वरव्यंजन
इथे जाहिरात नको काका, व्यक्तिगत निरोप पाठवा. येताना त्याचा बोलतानाचा एखादा व्हिडिओ घेऊन या, त्याला नकळत काढलेला. दवाखान्यात आलं की पोरं एकतर अगदी सुरळीत बोलतात नाहीतर गप्प बसतात.